सर्वांत शहाणी बाई

इंदुमती शेळवणे राज्याच्या प्रमुख झाल्या. पण ते जाऊ द्या, तसं काही झालेलंच नाही. त्या आपल्या पिठाच्या गिरणीत उभ्या होत्या आणि समोर प्रमुख निवडणारं यंत्र घेतलेला सरकारी अधिकारी होता.

"गिऱ्हाईकं नंबरावरून भांडली की तुम्ही घरच्या दळणाचा डबा शेवटी सरकवता. यंत्राने पाहिलंय. राज्यात सर्वांत शहाण्या तुम्हीच, म्हणून नव्या प्रमुखही तुम्हीच."

इंदुमतीबाई दोन पावलं मागे सरकल्या. निवडलेल्या माणसाच्या डोक्यात अर्ध्या तासात जगातलं सगळं तत्त्वज्ञान भरतात. मागच्या प्रमुखांना तेव्हापासून सगळी माणसं सारखीच वाटतात. ते बायकोलाही 'नागरिक' म्हणतात.

"अहो साहेब, मला काही कळत नाही!"

"अज्ञानाची जाणीव. वीस गुण."

"मला खुर्चीची भीती वाटते हो!"

"तीस."

इंदुमतीबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, सांगा ना, मी किती कजाग आहे ते!"

"फार कजाग आहे, साहेब," नवरा रडवेला होऊन म्हणाला.

"टीका मागून घेतात. पन्नास." अधिकाऱ्याने पिशवीतून तत्त्वज्ञान भरायचा तारांचा टोप काढला.

इंदुमतीबाईंनी पिठाळ हातांनी कागद ओढला आणि नवऱ्याचा चेहरा डोळे भरून पाहत लिहिलं: 'अर्जदार मूर्ख असून, निदान नवरा ओळखू येईल इतपत तिला मूर्ख राहू द्यावे, ही नम्र विनंती.'