झटका मशीनची तक्रार

"हे घ्या तुमची मशीन," देवकाबाई म्हणाली. "माह्या घरचा बैल खाल्ला हिनं."

रूपरावनं काखेतली पेटी काउंटरवर ठेवली. तो तिच्या शेजारच्या वावराचा. पिपरी मेघेहून हिंगणघाटपर्यंत तिला आपल्याच गाडीत घेऊन आला होता. बैलाचं ऐकून त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

"बसा मावशी. पाणी घ्या," दुकानदार बबनराव म्हणाला.

"पाणी घरी आहे."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. एकाच्या हातात फवारणीची नळी होती, ती त्यानं खाली ठेवली. भांडण फुकटात पाहायला भेटत असेल तर खरेदीची घाई कोणाला असते?

बबनरावकडे अशा पेट्यांची भिंतभर रांग होती. कुंपणाच्या तारेला ही जोडायची. रानडुक्कर वांग्यात शिरायला आलं, की झटका खाऊन पळतं. तसं वर पाटीवर लिहूनही होतं.

"ती पाटी म्या एकाकडून वाचून घेतली," देवकाबाई म्हणाली. "जनावर मरत नाई, फक्त पळते. मंग माह्यावालं काऊन मेलं?"

"पैसे परत पाहिजेत का?"

"पैसे मांगितले का म्या? जिम्मेदार कोण, तेवढं सांगा. लाईटवाले घरी नवं मीटर लावून गेले. काही विचारलं तं म्हणतात, कंपनीले फोन करा. कंपनी म्हणते, बटन दाबा. बटनाले तोंड नसते, शिवी कोणाले द्यावी? तुमचं तोंड तरी दिसते. नाई सांगत असान तं ग्राहक कोर्ट वर्ध्यातच आहे. मी शिकली नाई, पण रस्ता माहीत आहे मले."

"मशीनच खराब होती, मालक," रूपराव मधे बोलला. "ओल गेली असंन आत. म्या सांगतलं काकूले, दुकानदारालेच पकडा."

"नेली कोणी होती?" बबनरावनं विचारलं.

"मीच नेलती."

बबनरावचे कान लाल झाले. गिऱ्हाईकांसमोर दुकानाचं नाव खराब होत होतं. त्यानं पेटी ओढली, मागचे स्क्रू काढले आणि आत बोट फिरवलं.

"कोरडी ठणठणीत आहे. पाहा."

"पाहून मले काय समजते? लावून दाखवा."

बबनरावनं बॅटरी जोडली. टक्, टक्, टक्, पेटी बोलायला लागली. त्यानं तारेजवळ टेस्टर नेला. दिवा लुकलुकला.

"दांडीनं काय लावता? हातानं लावा."

"मावशी..."

"माह्यावाला हातमोजे घालून नव्हता गेला."

एक गिऱ्हाईक फसकन हसलं. देवकाबाईनं त्याच्याकडे पाहिल्यावर त्याचं हसू गेलं.

बबनरावनं दात खाऊन तार धरली. हात उडून मागे आला. त्यानं पुन्हा धरली, पुन्हा उडाला.

"हे असं. लागते, पण फेकून देते. कसा सापडला तुमचा बैल?"

देवकाबाईनं तारेकडे पाहिलं.

"तारेले चिकटून. सकाळी लोकांनी लाकडानं सोडवला."

"चिकटून?" बबनरावनं बॅटरी काढली. पेटी गप्प झाली. "मंग हे हिचं काम नाई मावशी. घरची लाईन चिकटवते. कोणीतरी खांबावर आकडा टाकून डायरेक्ट करंट सोडला. लोकं करतातच असं. मशीन बांधावर दाखवाले ठेवतात, अन् तारेत लाईन सोडतात. झटक्यानं डुक्कर पळून परत येते, लाईननं येत नाई."

"चाला काकू," रूपराव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "हा आपलं दुकान वाचवून राह्यला. आपण कोर्टातच पाहू."

"थांब ना. बोलू दे त्याले. आलो कायले आपण?"

"मले उशीर होते."

"आजच कसा होते?"

रूपराव दाराकडे सरकला. दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. ते हललं नाही.

"वाईट झालं बाई," ते म्हणालं. "पण दुसरा घेता येते. बाजारात चांगले..."

"दुसरा नाई भेटत," देवकाबाई म्हणाली. "घरचा होता. माह्या हातानं वाढवला." मग बबनरावकडे वळून, "हे जे आत्ता बोलले, ते उद्या फिरवान. तुमी दुकानदार लोकं."

बबनरावला हे लागलं. झटक्याहून जास्त लागलं.

"काऊन फिरवीन? या दोघांसमोर सांगतो. ठाण्यात सांगतो, कोर्टात सांगतो. माह्या मशीननं माणूस सोडा, मांजर मरत नाई. ज्यानं त्या तारेत लाईन सोडली, त्यानंच मारलं. शपथ घेऊन सांगतो."

"तुमी दोघांनी ऐकलं?"

गिऱ्हाईकांनी माना हलवल्या. रूपरावनं हलवली नाही.

देवकाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पूर्ण वळली.

"माह्या घरी बैल कधी नव्हताच," ती म्हणाली. "आता यायच्यासमोर सांग रूपराव, तुह्या तारेले चिकटून माहा पोरगा अंकुश कसा मेला."