तोंडावर बोट

न्यायाधीशबाईंनी काळा कोट काढून ठेवला आणि मुलीच्या हातात कापडी ससा दिला. "घाबरू नकोस बाळा. मध्ये पडदा आहे, सर तुला दिसणारसुद्धा नाहीत."

आठ तारखा फुकट गेल्यावर आज कुठे तिची साक्ष होत होती. शेजारी बसलेल्या आईचा पदर धरून ती धीटपणे बोलू लागली. "शिकवणी सुटल्यावर सरांनी मला एकटीला थांबवलं. दार लावलं. मग..."

पडद्यापलीकडे कुणीतरी हळूच खाकरलं. कोर्टात कुणाचं लक्षही गेलं नाही.

शिकवणीत सर असे खाकरले की लगेच हाताची घडी, तोंडावर बोट. मग ते 'बोट काढा' म्हणेपर्यंत वीस मुलांत एकाचीही हूं की चूं करायची टाप नसे.

ससा खाली पडला. मुलीने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं.

"सांग ना गं राणी," आई रडकुंडीला आली. बाईंनी पाणी दिलं, चारदा विचारून पाहिलं. शेवटी कारकुनाने टाइप केलं: साक्षीदार उत्तर देत नाही.

रिक्षा घराशी आली तरी बोट ओठांवरच होतं. सरांनी अजून 'काढा' म्हटलं नव्हतं.