गाडीसाठी साबण

साल चौऱ्याहत्तर. न्हाणीतली साबणाची वडी तिसऱ्यांदा गेली, तेव्हा मी ड्रायव्हर सिद्रामची पिशवी सगळ्या घरासमोर उलटी केली. वडी निघालीच.

"सायेब, गाडीसाटी घेतली ओ."

"गाडी काय आंघोळ करते?" सगळे हसले. मी त्याला कामावरून काढलं.

आठवड्यात गाडीत पेट्रोलचा वास इतका भरला, की मुलांना मळमळायला लागलं. सात रस्ता चौकातला मिस्त्री गाडीखाली शिरला आणि बोटावरचा पांढरा चुरा बघत बाहेर आला.

"टाकीला वरनं चीर हाय. थेंब न्हाय, नुसती वाफ निघती. तुमचा ड्रायव्हर रोज साबण चोळून बुजवत हुता की! सुट्टीवर गेलाय व्हय?"



मी खाली बघत "हो" म्हणालो.