पाचव्या प्रश्नाचे गुण

वीसपैकी चार, असं बाईंनी उत्तरपत्रिकेच्या कडेला लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षं विद्यापीठात आधुनिक जगाचा इतिहास शिकवताना त्यांनी कुणाला फुकटचा अर्धा गुण दिला नव्हता, की कुणाचा हक्काचा कापला नव्हता. आज जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र त्या ढळढळीत खोटे गुण देत सुटल्या होत्या. ही सातवी उत्तरपत्रिका.

प्रश्न पाचवा असा होता: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अनेक देशांत हुकूमशाही आली. ती मूठभर पुढाऱ्यांनी आणली, की मुकाट्याने आपापलं काम करणाऱ्या सामान्य माणसांनी? चर्चा करा. वाद जुनाच. बाई दरवर्षी त्यावर तीन तास घेत आणि तिसऱ्या तासाला वर्गात हमखास जुंपायची. त्यांना ते फार आवडायचं.

यंदा तपासनिसांना एक सूचना आली होती. तोंडी, कागदावर काही नाही. पाचव्या प्रश्नाला सोळाच्या वर गुण मिळवणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका वेगळ्या बांधायच्या. सरकारला हुशार मुलं हवीत म्हणे. सकाळी बाईंना ते बरंच वाटलं होतं.

जेवताना शेजारच्या टेबलावरचे सर बोलले. हे सर युद्धानंतरचे तह शिकवत आणि स्वतः कुणाच्या वाकड्यात शिरत नसत, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे 'तहनामा' म्हणत. आज त्यांनी डबा उघडलाही नव्हता.

"गेल्या वर्षी माझ्या गठ्ठ्यातून सहा वेगळ्या काढल्या होत्या," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पदवी घ्यायला त्यातलं एकही पोर फिरकलं नाही. एकाचे वडील घरी आले होते. मुलगा कुठंय, म्हणून मलाच विचारत होते."

बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. "मग यंदा तुम्ही काय करताय?"

"यंदा माझा चष्मा घरी राहिलाय," सर म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

बाईंना कळायचं ते कळलं. या प्रश्नात नापास झालेल्यांच्या गठ्ठ्यात कुणी डोकावत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुपारभर त्या चांगली उत्तरं शोधत राहिल्या आणि सापडलं की त्याला चार देत राहिल्या. उत्तरपत्रिकेवर नावाच्या जागी नुसता आकडा असतो. तरी या सातव्या उत्तरपत्रिकेतलं हस्ताक्षर त्यांनी ओळखलं. दुसऱ्या बाकावरची, बारमाही सर्दी झालेली, प्रत्येक वाक्याला 'पण मॅडम' करून बाईंना भंडावून सोडणारी मुलगी. तिने लिहिलं होतं, 'हुकूम देणारे थोडे होते. तो इमानेइतबारे पाळणारे फार होते, म्हणून त्या राजवटी टिकल्या.' असं उत्तर दहा वर्षांतून एखादंच येतं. एरवी बाईंनी डोळे झाकून अठरा दिले असते. चार देताना त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

साडेचारला नियामक आला. तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा बघून पसंत-नापसंत करायचं काम त्याचं. यंदा नवाच माणूस नेमला होता. कडक इस्त्री, हळू आवाज, मागे एक शिपाई.

"ओळखलंत का मॅडम? तुमचाच विद्यार्थी."

बाईंनी ओळखलं. बुद्धी बेताची, पण चिकाटी दांडगी. त्याने टेबलावर नजर फिरवली. वेगळ्या गठ्ठ्याची जागा रिकामी होती.

"सोळाच्या वर कुणीच नाही?"

"यंदाची मुलं कच्ची आहेत," बाई म्हणाल्या. खोटं इतकं सरळ निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

त्याने मान डोलावली. बाईंना वाटलं, सुटले. मग त्याने खुर्ची ओढली, नापासांचा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि पानं उलटू लागला. वाचत नव्हता. नुसती नजर टाकत होता आणि मधूनच एखादं पान दुमडत होता. हॉलभर पंख्यांची घरघर चालू होती. तहनामा खाली मान घालून बसले होते.

"मला एकदा चाचणीत तुम्ही सहा गुण दिले होते," मान वर न करता तो म्हणाला. "मी भांडायला आलो होतो. तुम्ही न चिडता एकेक लाल रेघ दाखवलीत. एकोणीस होत्या. म्हणालात, चूक दाखवल्याशिवाय मी कुणाचा गुण कापत नाही."

एक रेघ मारायला कितीसा वेळ लागतो. दुपारी त्या मुलीच्या वाक्याखाली त्यांनी पेन टेकवलंही होतं. पण वाक्य बरोबर होतं, आणि हात पुढे सरकला नव्हता.

"ते मी कधी विसरलो नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर आदराचा होता. मग त्याने शिपायाला जवळ बोलावलं आणि दुमडलेली पानं दाखवली.

"गुण चार आणि लाल रेघ एकही नाही, अशा या सात आहेत. तेवढ्या वेगळ्या बांध."