डावीकडून तिसरी

राजनांदगाव येईपर्यंत इंदूनं डब्यातल्या तिघींना सांगून टाकलं होतं, की आपली पोरगी बॅलेत नाचते आणि आपण दोघं तिलाच पाहायला नागपूरला चाललो आहोत.

"बॅले म्हणजे काय असते?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"पायाच्या बोटावर उभं राहून नाचतात. तुमी करून पहा बरं, दोन मिनिटं तरी जमते का!"

बाईंनी करून पाहिलं नाही, पण हरल्यासारखा चेहरा केला. इंदूला तेवढंच पाहिजे होतं.

शालिग्राम खिडकीबाहेर पाहत होता. बत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड म्हणून ह्याच रुळांवरून गेलेल्या माणसाला बाहेर नवं काही दिसण्यासारखं नव्हतं. पण बायकोच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून बाहेर.

कारण देवयानी आता नाचत नव्हती.

जानेवारीत तिचा पुण्याहून फोन आला होता. तालमीत गुडघा दुखावला, डॉक्टरनं नाच बंद करायला सांगितला. बॅलेच्या कंपनीनं तिला पोशाख सांभाळायच्या कामावर ठेवलं. "बाबा, मम्मी को मैं खुद बताऊँगी. आप मत बोलना," ती रडत म्हणाली, आणि शालिग्रामनं शब्द दिला. दिवाळी होऊन गेली तरी पोरीला धीर झालेला दिसत नव्हता. इंदू अजून त्यांच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या गल्लीगल्लीत तिचं कौतुक वाटत फिरत होती.

बारा वर्षं इंदूनं ह्या पोरीला स्कूटीवर मागं बसवून पंडरी भागातल्या नाचाच्या क्लासला नेलं होतं. शेजारी बोलले, नातेवाईक बोलले, खुद्द शालिग्रामही कमी बोलला नव्हता. ती सगळ्यांना पुरून उरली. हे एवढं एक सुख तिनं स्वतःच्या जिवावर मिळवलेलं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायची त्याची हिंमत नव्हती.

अशात गेल्या आठवड्यात तिनं मोबाइल त्याच्या नाकापुढे धरला. "देवयानीनं तिकिटा पाठवल्या. शनिवारी चार वाजता, नागपूरले."

शालिग्रामनं गच्चीवर जाऊन पोरीला फोन लावला.

"अवं, काय करून राहिली तू? तुही माय तुले पाहाले येऊन राहिली न!"

"बाबा, आप बस मम्मी को ले आइए. बाकी मैं देख लूँगी."

आजकालची पोरं काय बघून घेतात, ते शालिग्रामला ठाऊक होतं. त्यानं स्वतःच एक तोड काढली. इंदूच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचंही फारसं खरं नव्हतं. बॅलेत सोळा पोरी, सगळ्यांचे कपडे सारखे. त्यातल्या एकीकडे बोट दाखवायचं. नंतर आत कोणाला सोडत नाहीत म्हणायचं आणि रविवारच्या गाडीनं परत.

डोंगरगढला इंदूनं खिडकीतूनच टेकडीवरच्या देवीला हात जोडले. बराच वेळ डोळे मिटून बसली.

"काय मागितलं?" त्यानं विचारलं.

"तिचे पाय."

शालिग्रामनं बाटलीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी पिऊन टाकलं.

सभागृहात त्यांना अकरावी रांग मिळाली. बॅले सारस पक्ष्यांचा होता. पडदा उघडला तशा सोळा पोरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढं आल्या, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर चोच असलेला मुखवटा. शालिग्रामचा जीव भांड्यात पडला. देव इतकं सोपं करून देईल असं त्याला वाटलं नव्हतं. डबे मोजावेत तशी त्यानं रांग मोजली.

"ते पाह्य इंदू. डावीकडून तिसरी."

"तिसरी काहून? पाचवी हाये ते."

"हव, हव. पाचवीच. मले अंधारात समजलं नाही."

पाचवी तर पाचवी. खोटंच सांगायचं, तर दोन पोरींनी काय बिघडतं?

पोरी गिरक्या घेत होत्या, एकमेकींत मिसळून जागा बदलत होत्या. इंदूचं बोट मात्र दर वेळी ठामपणे एकीवर जाऊन थांबे. शालिग्रामला तिची कीव आली. हळूहळू तोही तिकडेच पाहू लागला. पोरगी छान नाचत होती. कुठं जोर नाही, घाई नाही. कोणाची असेल ही? हिचा बाप इथंच कुठं तरी बसला असेल, त्याला काय वाटत असेल आत्ता? त्या अनोळखी बापाचा त्याला भयंकर हेवा वाटला.

शेजारी इंदू रडत होती. पदर तोंडाला लावून, आवाज न करता.

मग मात्र त्याला राहवेना. नाच संपला, टाळ्या सुरू झाल्या, तसा तो तिच्या कानाशी वाकला.

"इंदू, आपली देवयानी यात नाही. तिचा गुडघा गेला. जानेवारीपासून नाच बंद हाये तिचा. मी तुले फसवलं."

इंदू टाळ्या वाजवतच राहिली.

"जानेवारीतलं मले माहीत हाये," ती म्हणाली. "तिनं मले त्याच दिवशी सांगितलं."

दहा महिने शालिग्रामनं जपलेलं दुःख तिच्याकडेही होतं, आणि तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं.

"मंग इतक्या दूर काहून आली तू?"

"मी कुठं आली? तुमाले घेऊन आली. जानेवारीच्या पुढचं तुमाले माहीत नाही. आता समोर पहा."

सभागृहातले दिवे लागले. सोळाही जणी रांगेनं पुढं येऊन वाकल्या आणि एकेक करून मुखवटे काढू लागल्या. शालिग्रामला डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसेना. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या परक्या पोरी.

पाचवीनं मुखवटा काढला, आणि देवयानी थेट त्याच्याकडे पाहून हसली.