वेशीवर पहिला

सायकलपटूचं आयुष्य म्हणजे तपश्चर्या. हणमंतने व्यावसायिक शर्यतींत चौदा वर्षं ती केली, म्हणजे संघनायकाला पाण्याच्या बाटल्या पोचवल्या.

यंदा शर्यत त्याच्याच गावातून जाणार होती. अशा वेळी त्या गावच्या गड्याला बाकीच्या स्पर्धकांचा घोळका थोडं पुढे सोडतो. घरच्यांना भेटून त्याने पुन्हा घोळक्यात मिसळायचं, असा रिवाज. हणमंतने शर्यतीचा हा टप्पा ठरलेल्या वेळेत संपवला, तर त्याचा संघाशी असलेला करार वर्षभर वाढणार होता.

वेशीवर तो आयुष्यात पहिल्यांदा पहिला पोचला. तिथे मंडप होता. सरपंचांनी हेल्मेटवरच फेटा चढवला, शाल-श्रीफळ दिलं. तेवढ्यात घोळका सर्रकन निघून गेला.

"अहो, शर्यत चाललीय, सोडा त्याला!" आई ओरडली.

"काकू, शर्यती रोजच्याच." सरपंचांनी माइक पुढे केला. "दोन शब्द बोल, हणमंता."

हणमंतचा एक पाय पेडलवरच होता. पण चौदा वर्षांत त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्याने पाय खाली घेतला, नारळ बाटलीच्या जागी बसवला आणि घसा खाकरला. "सन्माननीय व्यासपीठ..."

तो बारा मिनिटं बोलला. मग जीव तोडून सायकल हाणली.

ठरलेली वेळ अकरा मिनिटांनी हुकली.