उभ्या गाडीचं इंजिन

इंजिन उघडलं आणि मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. पिस्टन वितळलेले, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आलेला. टर्बोला जागा करायला काकूंच्या मुलानं रेडिएटरचा पंखाच काढून टाकला होता. धावत्या गाडीला वारा गार ठेवतो. उभ्या गाडीला कोण ठेवणार?

“काकू, ही गाडी जागेवर उभी ठेवून कोणी रेस करत होतं का?”

“मीच. रोज संध्याकाळी, घरातून हाक येईपर्यंत. हल्ली हाक यायला जरा वेळ लागतो.”

मिस्त्रींचा पारा चढला. “अहो, जीव घेतलात इंजिनाचा! ज्यानं पंखा काढला, त्याला तरी विचारायचं!”

“विचारलं असतं हो, तो असता तर.”

मिस्त्री एकदम नरमले. हातातला पाना उगाच पुसत म्हणाले, “बरं, असं करू. साधं, कंपनीचं इंजिन बसवतो, पंख्यासकट. मग खुशाल चालू ठेवा.”

“पण आवाज हाच येईल ना?”

“हाच कसा येईल, काकू? हा त्यानं स्वतः घडवलेला.”

काकूंनी फुटक्या इंजिनावरून हात फिरवला.

“मग नको. ह्यांना दिसत नाही, हल्ली काही आठवतही नाही. पण हा आवाज कानावर पडला की आतून हाक मारतात, ‘आला गं पोरगा, पानं घे.’ परवापासून जेवायचे थांबलेत.”